सेल्फ मारला... आणि गाडी ढिम्म!

जुनी गाडी क्रँक होत नाही म्हणजे तिचे दिवस भरले, असं मुळीच नाही. बहुतेक वेळा वीज वाटेत कुठंतरी अडलेली असते. कुठं, ते शोधायला सुरुवातीला तुमचे दोन कान पुरतात!

सोमवार. सकाळचे सव्वाआठ. लॅपटॉपची बॅग मागच्या सीटवर, डबा पुढच्या सीटवर आणि साडेनऊला क्लायंटसोबत कॉल. तुम्ही किल्ली फिरवता आणि... टक्! बस्स. पुन्हा फिरवता. पुन्हा टक्! मागून जोशीकाका हॉर्न देतायत, वॉचमन धक्का मारायला बाह्या सरसावून तयार आहे आणि तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून निदान येतं, 'बॅटरी गेली! नवीनच टाका.'

पुढचा सीन ठरलेला असतो. कॅब करून ऑफिस, संध्याकाळी नवी बॅटरी, खिशातून काही हजार गायब. आणि पुढच्या सोमवारी? टक्! मग घरात मीटिंग बसते. 'विकून टाक ती खटारा, ईएमआयवर नवीन घे.' गाडी बिचारी शे-दोनशे रुपयांच्या टर्मिनलसाठी भंगारात जाते.

आपल्यापैकी अनेकांच्या हातात आलेली पहिली गाडी अशीच असते. बाबांनी घेतलेली सॅन्ट्रो, मामाकडून आलेली झेन, नाहीतर हात साफ करायला स्वस्तात उचललेली मारुती ८००. ही ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे सगळ्यात धाकटी ८०० सुद्धा आता दहा वर्षांच्या पुढे गेलीये. या वयात नखरे होणारच. पण 'सेल्फ लागत नाही' हा नखरा दिसतो तेवढा गूढ नाही. फक्त बॅटरीच्या दुकानात धावण्याआधी दहा मिनिटं द्यायची तयारी हवी.

फिरत नाही की पेटत नाही?

पहिला प्रश्न हाच. किल्ली फिरवल्यावर 'खर्रर्र खर्रर्र' असा ओळखीचा आवाज येतो, इंजिन फिरतं, पण सुरू होत नाही... मग तुमचा सेल्फ ठणठणीत आहे. भानगड पेट्रोलची किंवा स्पार्कची आहे. तो आजचा विषय नाही.

आजचा विषय आहे इंजिन फिरतच नाही तेव्हाचा. यालाच म्हणतात क्रँक न होणं. हा शब्द आला हँडलवरून. पूर्वी गाडीच्या नाकात लोखंडी हँडल घालून इंजिन हातानं फिरवायला लागायचं. इंजिननं उलटा झटका दिला की मनगट मोडायचं! अमेरिकेत चार्ल्स केटरिंगनं यावर विजेची मोटर बसवली आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये ती आली. हँडल मारायला माणूस लागेना, गाडी स्वतःच सुरू व्हायला लागली, म्हणून तो 'सेल्फ स्टार्टर'. आपल्या गॅरेजमधला 'सेल्फ' तो हाच.

एक जाड वाट, एक बारीक वाट

बॉनेटखाली वायरींचं जंजाळ दिसतं, पण सेल्फपुरत्या दोनच वाटा लक्षात ठेवा.

पहिली जाड वाट. बॅटरीच्या प्लसवरून बोटाएवढी केबल निघते आणि थेट सेल्फपर्यंत जाते. सेल्फला जोडूनच सोलेनॉइड असतो. तिथून वीज मोटरमध्ये जाते आणि इंजिनच्या धातूतून, मग अर्थिंगच्या पट्टीतून बॅटरीच्या मायनसला परत येते. या वाटेवरून छोट्या पेट्रोल गाडीतही शंभर अँपिअर किंवा त्याहून जास्त करंट धावतो. इंडिकासारखी डिझेल असेल तर आणखी जास्त, कारण डिझेल इंजिन हवा दुपटीहून जास्त दाबतं आणि ते फिरवायला जोर लागतो.

दुसरी बारीक वाट. किल्लीच्या मागच्या इग्निशन स्विचमधून एक बारीक वायर सोलेनॉइडकडे जाते. काही गाड्यांत मध्ये एक रिले असतो. या वायरीचं काम एवढंच, की सोलेनॉइडला निरोप द्यायचा, 'चल, उठ!' निरोप मिळाला की सोलेनॉइड आतला दांडा खेचतो. त्यानं सेल्फचं छोटं दातेरी चाक फ्लायव्हीलच्या दातांत अडकतं आणि त्याच वेळी जाड वाटेचा स्विच बंद होऊन करंट सुरू होतो. तो 'टक्' आवाज या दांड्याचाच.

आता गंमत बघा. 'टक्' आलं याचा अर्थ निरोप पोचला. बारीक वाट बहुतेक करून ठीक आहे, अडलंय ते जाड वाटेवर. 'टक्' सुद्धा आलं नाही आणि दिवे मात्र लख्ख आहेत? मग संशय आधी बारीक वाटेवर घ्यायचा. अर्धा तपास इथेच संपला!

'दिवे लागतायत की!' या फसव्या वाक्याबद्दल

'हॉर्न वाजतोय, टेप चालतोय, दिवे लागतायत... मग बॅटरी नाही, सेल्फच गेला असणार.' हे वाक्य प्रत्येक पार्किंगमध्ये ऐकू येतं आणि प्रत्येक वेळी खरं असतंच असं नाही.

सोसायटीच्या जुन्या पाइपमध्ये क्षार साचले की पेलाभर प्यायचं पाणी मिळतं, पण शॉवर सोडला की धार बारीक होते. तसंच इथे. समजा टर्मिनलवर पांढरी पूड साचून ०.०५ ओहम एवढा नगण्य वाटणारा अडथळा तयार झाला. हेडलाइटची जोडी साधारण दहा अँपिअर खाते, तिचा फक्त अर्धा व्होल्ट वाटेत जातो. डोळ्यांना कळतही नाही. पण सेल्फनं शंभर अँपिअर मागितले की पाच व्होल्ट वाटेतच गडप! बाराच्या जागी सात व्होल्टवर तो काय फिरणार?

जुन्या गाडीत हे जास्त होतं, कारण अडथळा वर्षानुवर्षं साचत जातो. टर्मिनल गंजतं, केबलच्या आतली तांब्याची तार हिरवी पडते, अर्थिंगच्या पट्टीचा बोल्ट सैल होतो. बॅटरी नवी टाकली तर तिच्या जोरावर चार दिवस गाडी चालते. मग पुन्हा तेच रडगाणं.

लाइट टेस्ट : दोन मिनिटांत निदान

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक वर. हेडलाइट लावा. एखाद्या मित्राला समोर उभं करा किंवा समोरच्या भिंतीवर उजेड बघा. आता किल्ली फिरवा आणि कान-डोळे उघडे ठेवा.

• दिवेच लागत नाहीत, डॅशबोर्डही काळा : बॅटरी पूर्ण उतरलीये, टर्मिनल सुटलंय किंवा मेन फ्यूज उडालाय. टर्मिनल हातानं हलवून बघा. हललं तर चोर सापडला.

• टकटकटकटक, आणि दिवे नाचतायत : बॅटरीत दम नाही, किंवा टर्मिनलला नीट पकड नाही. सोलेनॉइड खेचतो, मोटर करंट मागते, व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज परत चढतं... हा खेळ सेकंदाला अनेकदा चालतो.

• एकच ठोस टक्, दिवे जवळपास विझले : बॅटरी किंवा तिच्या जोडण्या कमजोर आहेत. त्या चांगल्या निघाल्या तर मामला गंभीर. सेल्फ किंवा इंजिनच जाम असू शकतं.

• एकच ठोस टक्, दिवे तसेच लख्ख : करंट मोटरपर्यंत जातच नाहीये. सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळलेत किंवा मोटरचे कार्बन ब्रश झिजलेत. अर्थिंगची पट्टीही एकदा बघून घ्या.

• आवाज नाही, दिवे लख्ख : बारीक वाट. इग्निशन स्विच, रिले, फ्यूज किंवा सोलेनॉइडवरची निसटलेली वायर.

• 'घूंऽऽ' असा मोकळा आवाज, इंजिन मात्र जागच्या जागी : मोटर फिरतेय पण दातेरी चाक फ्लायव्हीलला पकडत नाही. गॅरेजच्या भाषेत 'बेंडिक्स' गेला.

बघितलंत? यादीत फक्त पहिल्या तीन ठिकाणी बॅटरीवर संशय जातो, आणि तिथेही टर्मिनल तिच्याइतकंच आरोपी आहे.

आधी सोडा, मग पैसे सोडा!

टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड दिसतेय? आधी तीच साफ करा. इंजिन बंद, किल्ली बाहेर. दहा नंबरचा पाना बहुतेक गाड्यांना पुरतो. मायनस आधी काढायचा, प्लस नंतर. लावताना उलटं, म्हणजे प्लस आधी आणि मायनस शेवटी. कारण प्लस काढताना पाना चुकून बॉडीला लागला आणि मायनस जोडलेला असेल, तर ठिणग्यांची दिवाळी होते. अंगठी, घड्याळ, ब्रेसलेट आधी काढून ठेवा.

कोमट पाण्यात खायचा सोडा कालवा आणि जुन्या टूथब्रशनं घासा. फसफसेल, घाबरू नका. सोड्याचं पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत मात्र जाऊ देऊ नका. मग साध्या पाण्यानं पुसून, वाळवून, टर्मिनलची आतली बाजू पॉलिश पेपरनं चकचकीत करा. घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. गंज लवकर परत येत नाही.

यानंतर अर्थिंगची परीक्षा. इथे जम्पर केबल एक भारी काम करते. काळ्या केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावा, पट्ट्यापासून आणि पंख्यापासून लांब. आता सेल्फ मारा. गाडी पटकन फिरली? मग बॅटरीही ठीक, सेल्फही ठीक. अर्थिंगची पट्टी बदला आणि वाचलेल्या पैशांत पार्टी करा.

पिझ्झाच्या पैशांत डॉक्टर

मल्टिमीटर नावाची चीज घरी असायलाच हवी. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली... साधा डिजिटल मीटर एका पिझ्झाच्या आसपास येतो. डायल डीसी २० व्होल्टवर ठेवा.

गाडी काही तास उभी असताना बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती फुल चार्ज आहे. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. बाराच्या खाली म्हणजे जवळपास उतरलेली. पण खरी परीक्षा सेल्फ मारताना. मित्राला किल्ली फिरवायला सांगा आणि आकडा बघा. तो साडेनऊच्या बराच खाली घसरत असेल, तर बॅटरी चार्ज करून पुन्हा तपासा. चार्ज करूनही घसरते? मग खुशाल नवी घ्या, ती खरंच गेलीये.

आकडा बारावर तसाच राहतो पण इंजिन फिरत नाही? मग बारीक वाट तपासा. सोलेनॉइडवरच्या बारीक वायरीवर मीटरचं लाल टोक, इंजिनच्या धातूवर काळं टोक, आणि मित्रानं किल्ली फिरवायची. तिथे बाराच्या आसपास आले तर निरोप पोचतोय, सोलेनॉइड किंवा सेल्फ उघडून बघावा लागेल. काहीच आलं नाही तर सेल्फला हातही लावू नका. दोष किल्ली आणि सोलेनॉइडच्या मध्ये आहे.

या मधल्या भागात एक जुना गुन्हेगार नेहमी सापडतो, तो म्हणजे बाहेरून बसवलेली सिक्युरिटी सिस्टिम. रिमोटनं 'टुंग टुंग' करणारे हे अलार्म एके काळी स्टेटस होते. त्यातले बरेच गाडीची मूळ वायर कापून, पिळून, वर टेप गुंडाळून बसवलेले असतात. पंधरा-वीस वर्षांनी ती टेप सुटते आणि गाडी मूकबधिर होते. ऑटोमॅटिक गाडी असेल तर आणखी एक सोपी गोष्ट करून बघा. 'पी'ऐवजी 'एन'मध्ये टाकून किल्ली फिरवा. चालली तर गिअरचा स्विच बिघडलाय.

कार्बन ब्रश झिजल्याचा संशय असेल तर गॅरेजवाल्यांची जुनी युक्ती आहे. एकानं किल्ली फिरवायची आणि दुसऱ्यानं सेल्फच्या अंगावर पान्याच्या मागच्या टोकानं हलकेच टकटक करायची. फिरला तर समजा निदान पक्कं. पण हे ऑफिस गाठण्यापुरतं! त्याच आठवड्यात ऑटो इलेक्ट्रिशियनकडे सेल्फ उघडून घ्या. ब्रश, बुश आणि कॉन्टॅक्ट बदलले की बरेच सेल्फ पुन्हा अनेक वर्षं चालतात. अख्खा नवा घ्यावाच लागतो असं नाही.

बॅटरी का उतरली, तेही बघा

बॅटरी खरोखर उतरली असेल तरी कारण शोधायचंच. डिकीतला पाच वॉटचा एक दिवा चालू राहिला की तो साधारण ०.४ अँपिअर खातो. छोट्या गाडीची ३५ अँपिअर-अवरची बॅटरी साडेतीन दिवसांत रिकामी, आणि सेल्फ उचलायचं बंद त्याच्याही खूप आधी. वर्क फ्रॉम होममुळे गाडी आठवडाभर जागची हलत नाही, आणि हलते तेव्हा सुपरमार्केटपर्यंतच. त्यात बॅटरीचं पोट भरत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास तरी सलग चालवा.

गाडी सुरू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ च्या आसपास व्होल्ट दिसले तर अल्टरनेटर काम करतोय. गाडी सुरू असतानाही १२.५च्या खालीच? मग नवी बॅटरीसुद्धा चार दिवसांत झोपणार.

धक्का की जम्प?

वॉचमनच्या बाह्यांचं काय करायचं? गाडी मॅन्युअल असेल आणि बॅटरीत थोडी जान असेल तर धक्का चालतो. किल्ली ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, गाडीनं वेग घेतला की क्लच सोडायचा. फक्त इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग जड लागतात, हे विसरू नका. उतारावर, रहदारीत हे धाडस नको. ऑटोमॅटिक गाडीला धक्का मारून उपयोग शून्य.

जम्प द्यायचा तर क्रम पाठ करा. लाल क्लिप उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी क्लिप चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि शेवटचं काळं टोक बंद गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. कारण बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि शेवटची जोडणी करताना ठिणगी उडते. दोन्ही गाड्या एकमेकींना टेकलेल्या नकोत. काढताना उलटा क्रम. बॅटरी फुगलेली किंवा तडकलेली असेल तर जम्प अजिबात नाही.

आणि जम्पनं सुरू झाली म्हणजे बॅटरीच गेली, असंही ठरवू नका. काळी क्लिप इंजिनला लावल्यावर तुमची खराब अर्थिंगची पट्टी आपोआप वळसा घालून टाळली गेली, हेही कारण असू शकतं!

इथे मात्र हात जोडा

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. असं पाणी तुमच्या गाडीच्या इंजिनपर्यंत चढलं असेल तर किल्लीला हात लावू नका. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ किंवा धक्का मारला तर आतला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो आणि मग खर्च इंजिनचा. अशा गाडीला टो करूनच न्यायचं. चालता चालता इंजिन बंद पडून मग जाम झालं असेल, किंवा डिपस्टिकवर ऑइलच दिसत नसेल, तरी हाच नियम.

आणखी एक, रस्त्यावर कुणी स्क्रू ड्रायव्हरनं सेल्फची दोन टोकं जोडून 'डायरेक्ट' करायला निघालं तर थांबवा. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती समोर उभ्या माणसावर झेपावते.

गॅरेजमध्ये काय बोलाल?

'गाडी चालू होत नाही, बघा जरा,' असं म्हणालात की तुमच्या पाकिटाची किल्ली तुम्ही समोरच्याच्या हातात दिलीत. त्याऐवजी म्हणा, 'दादा, सेल्फला एकच टक् येतंय, दिवे डिम होत नाहीत, बॅटरी १२.६ दाखवतेय आणि टर्मिनल कालच साफ केलंत. सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट बघाल का?' समोरचा प्रामाणिक असेल तर त्याचा अर्धा तास वाचतो. नसेल तर त्याला कळतं की इथे डाळ शिजणार नाही. बदललेला पार्ट मागून घ्या आणि काम झाल्यावर दोन-तीनदा सेल्फ मारून दाखवायला सांगा.

एवढं करूनही गाडी विकायची असेल तर जरूर विका. मायलेज, जागा, एअरबॅग... नव्या गाडीची कारणं भरपूर आहेत. पण निदान ती विकताना 'टक्' कशामुळे येत होतं, ते तुम्हाला माहीत असावं. कारण घेणाऱ्याला ते माहीत असेल, तर तो पन्नास हजार कमी करून नेईल आणि सोडा-पाण्यानं दहा मिनिटांत गाडी सुरू करेल.

डिकीत एवढं हवंच

• जाड तारेची जम्पर केबल
• दहा आणि बारा नंबरचा पाना
• छोटा मल्टिमीटर
• जुना टूथब्रश, पॉलिश पेपरचा तुकडा
• रबरी हातमोजे आणि टॉर्च
• विम्यासोबत रोडसाइड असिस्टन्स घेतला असेल तर त्याचा नंबर, कागदावर लिहिलेला. मोबाइलची बॅटरीसुद्धा नेमकी त्याच दिवशी उतरते!